हवेतून पाण्यात : मध्यकर्णाचे कार्य आणि मुलांचे ऐकणे

निवासी शाळेचा दिवस आवाजांनी बांधलेला असतो. पहाटेची घंटा, परिपाठातील सामुदायिक स्वर, वर्गातील अध्यापन, भोजनगृहातील ताटांचा खणखणाट, सायंकाळी मैदानावर उठणाऱ्या आरोळ्या आणि रात्री अभ्यासिकेतील कुजबुज. या साऱ्यांतून विद्यार्थी घडत जातो. अक्षर गिरवण्याच्या कितीतरी आधी मूल ऐकू लागते आणि ऐकलेल्या भाषेवरच त्याच्या पुढील शिक्षणाची इमारत उभी राहते. तरीही ज्या इंद्रियावर हा सारा भार आहे त्याविषयी आपण क्वचितच विचार करतो. विज्ञानाच्या पुस्तकात कानाची आकृती येते, भागांना नावे दिली जातात, परीक्षेतला एक प्रश्न सुटतो आणि विषय तेथेच संपतो. त्या आकृतीतील मधला भाग, म्हणजे मध्यकर्ण, नेमके कोणते काम करतो आणि त्या कामात खंड पडल्यास मुलाच्या शिक्षणाचे काय होते, हे या लेखात सोप्या रीतीने मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

हवा आणि पाणी यांच्यामधील भिंत

आवाज म्हणजे हवेतून पुढे सरकणारी दाबाची लाट. घंटेवर टोला पडला की तिचा धातू कंप पावतो, त्याच्या लगतची हवा क्षणात दाबली जाते, क्षणात विरळ होते, आणि ही दाबविरळीची मालिका कानापर्यंत पोहोचते. निरोगी तरुण माणसाला सेकंदाला सुमारे २० ते २०,००० इतक्या कंपनांचे आवाज ऐकू येतात. बाहेरचा कान ही लाट गोळा करतो आणि सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीच्या वळणदार नळीतून कानाच्या पडद्यापर्यंत नेतो. येथपर्यंतचा प्रवास हवेतला आहे.

परंतु ऐकण्याच्या ज्या पेशी आहेत त्या हवेत नाहीत. अंतःकर्णात गोगलगायीच्या शंखाप्रमाणे सुमारे अडीच वेढ्यांची एक नलिका आहे. तिला आपण शंखनलिका म्हणू. उलगडून सरळ केली तर तिची लांबी सुमारे ३५ मिलिमीटर भरेल. ती पूर्णपणे द्रवाने भरलेली असून त्या द्रवातच केसांसारखे सूक्ष्म तंतू धारण करणाऱ्या संवेदनपेशी असतात. द्रवात लहर उठली की हे तंतू वाकतात, पेशींमध्ये विद्युत संकेत निर्माण होतो आणि तो श्रवणचेतेमार्गे मेंदूकडे जातो. म्हणजे हवेतली लाट द्रवात उतरल्यावाचून ऐकणे घडत नाही.

अडचण नेमकी येथेच आहे. विहिरीत बुडी मारलेल्या मुलाला काठावरच्या मित्राची हाक जवळजवळ ऐकू येत नाही, हा अनुभव खेड्यात वाढलेल्या प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. हाक तेवढीच मोठी असते, कानही तेच असतात. पण हवेतली लाट पाण्यावर आदळली की ती जवळजवळ सगळी मागे फिरते. हवा हलकी आणि सहज दाबली जाणारी, तर पाणी जड आणि दाबास न जुमानणारे. त्यामुळे हवेतून येणाऱ्या ध्वनिऊर्जेपैकी हजारातला सुमारे एक भाग पाण्यात शिरतो आणि उरलेले ९९९ भाग परावर्तित होतात. डेसिबलच्या भाषेत ही हानी सुमारे ३० डेसिबलची आहे. कानाचा पडदा आणि शंखनलिका यांच्यामध्ये काहीच योजना नसती, तर आपण सारे आयुष्यभर विहिरीत बुडी मारल्याप्रमाणेच जगलो असतो. ही हानी भरून काढणे हेच मध्यकर्णाचे मुख्य कार्य होय.

तीन हाडांची साखळी

मध्यकर्ण ही कानशिलाच्या हाडात दडलेली, हवेने भरलेली एक लहानशी पोकळी आहे. तिच्या बाहेरच्या बाजूस कानाचा पडदा आहे. त्याचा व्यास सुमारे ९ ते १० मिलिमीटर आणि जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाएवढी असते. तो ताणलेल्या डफाच्या चामड्यासारखा सपाट नसून आत ओढलेल्या उथळ नरसाळ्यासारखा असतो. पोकळीच्या आतील भिंतीत शंखनलिकेकडे उघडणाऱ्या दोन खिडक्या आहेत : एक अंडाकृती आणि दुसरी गोल.

पडदा आणि अंडाकृती खिडकी यांना जोडणारी तीन हाडांची साखळी म्हणजे हातोडी, ऐरण आणि रिकीब. आकारावरूनच ही नावे पडली आहेत. हातोडीचा दांडा पडद्यात रुतलेला असतो. तिचे डोके ऐरणीशी सांध्याने जोडलेले असते. ऐरणीचा लांब पाय रिकिबीला टेकतो. आणि रिकिबीचा तळवा अंडाकृती खिडकीत बरोबर बसलेला असतो. रिकीब हे मानवी शरीरातील सर्वांत लहान हाड. तिची उंची सुमारे ३ मिलिमीटर आणि वजन सुमारे ३ मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाच्या एका दाण्याहूनही पुष्कळ कमी. विशेष म्हणजे ही तिन्ही हाडे जन्माच्या वेळीच जवळजवळ पूर्ण आकाराची असतात. मूल वाढते, त्याचे हातपाय लांबतात, पण ही साखळी पहिल्या दिवसापासून तेवढीच राहते.

या हाडांचा पूर्वेतिहासही मनोवेधक आहे. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ राइखर्ट यांनी १८३७ मध्ये भ्रूणांचा अभ्यास करून असे दाखवले, की सस्तन प्राण्यांतील हातोडी आणि ऐरण ही हाडे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जबड्याच्या सांध्यातील हाडांशी जुळतात. पुढे सापडलेल्या जीवाश्मांनी या विचारास बळकटी दिली. जी हाडे एके काळी भक्ष्य चावण्याच्या कामी येत होती, तीच कोट्यवधी वर्षांच्या ओघात आकाराने लहान होत ऐकण्याच्या सेवेस लागली.

दाब कसा वाढतो

आता प्रश्न असा, की ही साखळी हानी भरून कशी काढते? ती बाहेरून नवी ऊर्जा आणत नाही. ती पसरलेले बळ एकवटते, एवढेच. सूचनाफलकावर कागद लावताना आपण पिनेच्या रुंद माथ्यावर अंगठा दाबतो. अंगठ्याचे बळ बेताचेच असते, पण ते पिनेच्या टोकावरील अत्यल्प जागेत एकवटते आणि टोक लाकडात शिरते. कानाचा पडदा हा पिनेचा माथा आणि रिकिबीचा तळवा हे तिचे टोक होय. पडद्याचे प्रत्यक्ष कंप पावणारे क्षेत्रफळ सुमारे ५५ चौरस मिलिमीटर, तर रिकिबीच्या तळव्याचे सुमारे ३.२ चौरस मिलिमीटर. ५५ ला ३.२ ने भागले असता सुमारे १७ येतात. म्हणजे केवळ क्षेत्रफळातील फरकामुळे दाब सुमारे १७ पट होतो.

दुसरे साहाय्य तरफेचे. पहारीने दगड उचलताना आपल्या हाताकडील बाजू लांब आणि दगडाकडील बाजू आखूड ठेवली, की थोड्या बळाने मोठे काम होते. हातोडीचा दांडा ऐरणीच्या लांब पायापेक्षा थोडा अधिक लांब आहे. त्यामुळे बळ सुमारे १.३ पट वाढते. १७ गुणिले १.३ म्हणजे सुमारे २२. पडद्यावर पडणाऱ्या दाबाच्या बावीस पट दाब अंडाकृती खिडकीवर येतो. डेसिबलमध्ये सांगायचे तर ही वाढ सुमारे २५ ते २७ डेसिबल इतकी होते. ही आकडेमोड सरासरीची आहे. प्रत्यक्षात ती आवाजाच्या उंचसखलपणाप्रमाणे बदलते. तरीही मुख्य गोष्ट स्पष्ट आहे. हवा आणि द्रव यांच्यामधील हानीचा मोठा वाटा ही तीन इवली हाडे भरून काढतात. या साखळीच्या यांत्रिकीवर जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६८ मध्ये सविस्तर विवेचन प्रसिद्ध केले, आणि शंखनलिकेत लहर कशी धावते याच्या शोधासाठी गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरी खिडकी कशासाठी

रिकीब आत दाबली गेली, तर द्रवाने जावे कोठे? शंखनलिकेच्या भोवती कठीण हाड आहे आणि द्रव दाबून आक्रसत नाही. तोंडोतोंड भरलेल्या, बूच लावलेल्या काचेच्या बाटलीत आणखी एक बूच दाबून बसवण्यासारखाच हा प्रकार झाला असता. गोल खिडकीवर ताणलेला पातळ पापुद्रा ही अडचण सोडवतो. रिकीब आत गेली की हा पापुद्रा बाहेर फुगतो; रिकीब मागे आली की तो आत ओढला जातो. या मोकळीकीमुळेच द्रवात लहर उठू शकते.

मात्र एक अट आहे. आवाजाचा दाब दोन्ही खिडक्यांवर एकाच वेळी सारखाच पडता कामा नये. दोन मुलांनी एकच दार दोन बाजूंनी सारख्या जोराने ढकलले तर दार जागचे हलत नाही, तसेच येथे होईल. सबळ असलेला पडदा आवाज अडवून साखळीमार्फत तो अंडाकृती खिडकीकडेच वळवतो आणि गोल खिडकीला आडोसा देतो. साखळी तुटली आणि पडदा मात्र शाबूत राहिला, तर श्रवणहानी ६० डेसिबलच्या घरात जाऊ शकते. कारण त्या वेळी आवाज आत पोहोचवणारे कोणी नसते आणि पडदा उलट त्याची वाट अडवून उभा राहतो.

प्रयोगशाळेतील नादकाटा

हे सारे पडताळून पाहण्यास मोठी साधने लागत नाहीत. शाळेच्या प्रयोगशाळेत ५१२ कंपनांचा नादकाटा बहुधा असतोच. तो रबराच्या तुकड्यावर हलकेच आपटून त्याची दांडी कानामागच्या उंचवट्याच्या हाडावर टेकवावी. आवाज हाडातून थेट अंतःकर्णात जाईल. तो ऐकू येईनासा झाला की लगेच काट्याच्या भुजा त्याच कानाच्या नळीसमोर धराव्यात. निरोगी कानास आवाज पुन्हा ऐकू येईल. हाडावर मावळलेला आवाज हवेत अजून जिवंत असतो, कारण हवेच्या वाटेवर पडदा आणि साखळी यांचे साहाय्य मिळते. मध्यकर्णात बऱ्यापैकी दोष असल्यास उलट घडते. हाडावरचा आवाज अधिक स्पष्ट आणि हवेतला मंद वाटतो. जर्मन वैद्य रिन्ने यांनी १८५५ मध्ये वर्णिलेली ही चाचणी आजही कानाचे डॉक्टर वापरतात. वर्गात केलेला प्रयोग मात्र शिकण्यासाठी असतो. निदान डॉक्टरांनीच करावयाचे.

पोकळीतील हवा आणि दडे

पडदा मोकळेपणाने हलायचा तर त्याच्या दोन्ही बाजूंस हवेचा दाब सारखा हवा. यासाठी मध्यकर्णातून नाकाच्या मागच्या घशाकडे जाणारी एक नलिका आहे. सोळाव्या शतकातील इटालियन वैद्य युस्टेशियो यांच्या नावाने ती ओळखली जाते. प्रौढांत ती सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांब असते. एरवी ती मिटलेली असून गिळताना किंवा जांभई देताना क्षणभर उघडते. एस.टी. घाट चढू लागली की कानात दडे बसतात, ते याचमुळे. बाहेरचा दाब कमी झालेला असतो आणि आतला तेवढाच राहिलेला असतो. आवंढा गिळला की नलिका उघडते, दडे सुटतात आणि गाडीचा आवाज एकदम मोठा वाटतो.

लहान मुलांत ही नलिका आखूड असते आणि तिचा उतार कमी असतो. सर्दीच्या वेळी घशातील जंतू तेथून सहज वर चढतात. नाकामागची ग्रंथी सुजली तर नलिकेचे तोंडच बंद होते. मग आतली हवा हळूहळू शोषली जाते, पडदा आत ओढला जातो आणि पोकळीत पाणी साचते. कधी ते गोंदासारखे चिकट होते. या अवस्थेत कान दुखेलच असे नाही, वाहतोही असे नाही. बाहेरून पाहणाऱ्यास काहीही दिसत नाही. पण ज्या हाडांनी हवेत हलायचे ती द्रवात अडकून पडतात आणि ऐकणे साधारणतः २० ते ३० डेसिबलने मंदावते.

वर्गात काय घडते

या मंदावण्याचा अर्थ वर्गात पाहू. जवळून केलेले साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते. मागच्या बाकापर्यंत पोहोचताना ते क्षीण होते, वर पंख्याचा आवाज, शेजारच्या वर्गाचा गलबला. त्यात आणखी २५ डेसिबल वजा झाले, तर मुलाला शिक्षक बोलत आहेत एवढे कळते, काय बोलत आहेत ते पुरते कळत नाही. स्वर भारदस्त असल्याने पोहोचतात. स, श, फ, थ यांसारखी हलकी व्यंजने गळून पडतात. शिक्षक ‘साठ’ म्हणतात, मूल ‘आठ’ लिहिते. शुद्धलेखनात त्याच्या चुका वाढतात, हाक मारली तर तो उशिरा वळतो, शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो. मग त्याला दुर्लक्ष करणारा, हट्टी, क्वचित मंद असे विशेषण लागते. आणि सर्दी ओसरताच काही दिवस तो नीट ऐकू लागतो, तेव्हा ‘हवे तेव्हा बरोबर ऐकू येते’ असा शेराही मिळतो. वस्तुतः हे कमीअधिक होणे हेच या विकाराचे लक्षण आहे.

घरी आईची नजर एकाच मुलावर असते; वसतिगृहात अधीक्षकांच्या नजरेखाली अनेक मुले असतात. म्हणूनच निवासी शाळेत या लक्षणांची जाण प्रत्येक शिक्षकास, स्वयंपाकघरातील मावशींना आणि मोठ्या वर्गातील विद्यार्थ्यांनाही असणे अगत्याचे आहे. समाधानाची गोष्ट ही, की असे साचलेले पाणी बहुतेक मुलांत तीन महिन्यांच्या आत आपोआप ओसरते. न ओसरल्यास डॉक्टर पडद्यात बारीक नळी बसवून मध्यकर्णात हवा खेळती करतात आणि ऐकणे पूर्ववत होते. तोवर अशा मुलास पुढच्या बाकावर, शिक्षकांचा चेहरा दिसेल असे बसवणे, हा बिनखर्चाचा पहिला उपचार आहे.

कान फुटणे, तेल आणि थप्पड

‘कान फुटला’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे इतका रूढ आहे, की कान वाहणे ही बालपणातील नेहमीचीच गोष्ट मानली जाते. ती तशी मानू नये. मध्यकर्णात पू साचून पडदा फाटतो, तेव्हा पू बाहेर येतो आणि दुखणे थांबते. दुखणे थांबले म्हणून उपचारही थांबतात. पुढे भोक कायम राहिले तर कान वारंवार वाहतो आणि साखळीतील हाडे, विशेषतः ऐरणीचा लांब पाय, झिजू लागतात. दुर्गंधीयुक्त स्राव तर धोक्याची सूचना समजावी; असा रोग हाड कुरतडत मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतो. वेळीच उपचार झाल्यास औषधांनी कान कोरडा करता येतो आणि कानाच्या वरच्या स्नायूवरील पातळ आवरणाचा तुकडा घेऊन पडदा पुन्हा बांधता येतो.

‘कानात तेल घालून ऐकणे’ हा वाक्प्रचार भाषेत राहू द्यावा, कानात मात्र तेल घालू नये. पडद्याला भोक असल्यास ते तेल जंतूंसह थेट मध्यकर्णात उतरते. कानकोरणे, काडी, केसांची पिन यांनी मळ काढू जाता तो अधिक आत ढकलला जातो आणि पडद्यास इजा होऊ शकते. कान वाहत असलेल्या मुलाने विहिरीत वा नदीत पोहू नये. आंघोळीच्या वेळी कानात पाणी जाऊ देऊ नये.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ‘कानशिलात देणे’ ही शिक्षा आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सहज वापरली गेली. उघड्या तळव्याचा फटका कानावर बसला की नळीतील हवा एकदम दाबली जाते आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा तो पडदा फाटू शकतो. ऐकत नाही म्हणून मुलाला मारावे आणि त्या मारानेच त्याचे ऐकणे जावे, याहून विपरीत काय असू शकेल? शाळेत शारीरिक शिक्षेस कायद्याने बंदी आहेच. ती घरातही पाळली जावी.

मोठा आवाज आणि लहान स्नायू

मध्यकर्णात दोन चिमुकले स्नायूही आहेत. त्यांपैकी रिकिबीला जोडलेला स्नायू शरीरातील सर्वांत लहान कंकालस्नायू होय. मोठा आवाज आला की तो आखडतो, साखळी ताठ होते आणि आत जाणारा आवाज काहीसा कमी होतो. पण त्याला आखडण्यास सेकंदाचा काही अंश लागतो. फटाक्याचा धमाका त्याच्या आधीच आत पोहोचलेला असतो. तासन्‌तास चालणाऱ्या कर्कश आवाजात हे संरक्षणही अपुरे पडते. मग शंखनलिकेतील संवेदनपेशी मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. वरात असो, उत्सव असो वा जयंतीची मिरवणूक असो, ध्वनिवर्धकांच्या भिंतीपुढे लहान मुलांना उभे करताना आपण हे ध्यानात ठेवावे. कानठळ्या बसणे हा आनंदाचा पुरावा मानू नये.

आपण काय करू शकतो

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार बालवयातील श्रवणहानीपैकी सुमारे ६० टक्के कारणे टाळता येण्याजोगी आहेत. शासनाच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथे झाला. त्याअंतर्गत शाळांत येणारी वैद्यकीय पथके कानांचीही तपासणी करतात. मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून श्रवणदोषांच्या क्षेत्रात कार्यरत आहे. सोय आहे, गरज आहे ती मुलाला तेथपर्यंत नेणाऱ्याची.

पालकांस आमची विनंती आहे, की पाल्यास वसतिगृहात सोडताना त्याचा कान कधी वाहिला होता काय, वारंवार सर्दी होते काय, हे न संकोचता शाळेस सांगावे. शिक्षकांनी मागे पडणाऱ्या मुलाविषयी मत बनवण्याआधी त्याच्या पाठीमागून हळू आवाजात त्याला हाक मारून पाहावी. आणि माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज वैद्यकीय सेवेत आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस, शक्यतो प्रवेशानंतरच्या पहिल्याच महिन्यात, शाळेत येऊन मुलांचे कान तपासावेत. जे अन्य क्षेत्रांत आहेत त्यांनी तपासणीत आढळलेल्या मुलांच्या प्रवासाचा आणि उपचारांचा भार उचलावा. शाळेला वास्तू देणारे हात थोर आहेतच; पण तीन मिलिमीटरच्या एका हाडाची वाट मोकळी करून देणारा हातही एका मुलाला संपूर्ण शाळा मिळवून देतो. वर्गात उच्चारलेला प्रत्येक शब्द शेवटच्या बाकावरील मुलापर्यंत पोहोचावा, हीच या स्मरणिकेच्या निमित्ताने आमची मनोकामना.